तेल कुठं लावताय, केसाला का मुळाला?

पावसाळा सरला की आपल्या नागपुरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात, एक डेंग्यू आणि दुसरी केसगळतीची पत्रं. या वेळी इतकी आली की संपादकबाई म्हणाल्या, अख्खा कॉलम तेलावरच होऊन जाऊ द्या. चालेल. माझं सगळं आयुष्य तेलाच्या लॅबमध्येच गेलं, खायचं तेल, डोक्याचं तेल, साबणात जाणारं तेल, सगळं तपासून झालंय. पण मी डॉक्टर नाही बरं का, त्यामुळे जिथं डॉक्टरकडे जा म्हणतेय तिथं खरंच जा, मला परत पत्र टाकू नका.

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. कंगव्यातला नाहीतर उशीवरचा एक गळलेला केस उचला आणि खिडकीच्या उजेडात धरून त्याची दोन्ही टोकं बघा. एका टोकाला खसखशीहून बारीक पांढुरका ठिपका दिसला तर तो केस मुळासकट आलाय. ठिपका नाही, केस तुमच्या लांबीपेक्षा आखूड आणि टोक फाटलेलं, तर तो मधूनच तुटलाय. दिवसाला ५० ते १०० केस मुळासकट जाणं नॉर्मल आहे, डोक्यावर साधारण लाखभर असतात. "कोणतं तेल लावू" असं सगळेच विचारतात पण आपला केस गळतोय का तुटतोय हे एकानंही लिहिलेलं नाही, आणि खरं तर सगळं तिथंच अडतं, कारण तुटणाऱ्या केसाला तेलाचा चांगला उपयोग होतो आणि गळणाऱ्याला फार थोडा.

ताई, मी २४ वर्षांची, मिहानला जॉब करते. इन्स्टावर बघून रोजमेरी ऑइल मागवलं, रोज रात्री डायरेक्ट टाळूवर लावून राहिली. आता टाळूची आग होते आणि केस तर तसेच गळून राहिले. बंद करू की अजून थोडे दिवस बघू? — सक्करदऱ्याहून एक वाचक

बंद कर बाळा, आजच. छोट्या काचेच्या बाटलीत येतं ते इसेन्शियल ऑइल, म्हणजे झाडाचा अर्क, ते तसंच्या तसं अंगाला लावायचंच नसतं. चमचाभर खोबरेलात दोन थेंब, बस्स, आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायचं. सध्या टाळू शांत होऊ दे, आठवडाभर काहीच लावू नको, सौम्य शाम्पूनं धू. आग तरीही राहिली तर स्किनवाल्या डॉक्टरांना दाखव.

आता रोजमेरीची एवढी हवा का झाली ते सांगते. २०१५ साली इराणमध्ये एक अभ्यास झाला, टक्कल पडत चाललेल्या १०० पुरुषांवर. अर्ध्यांना रोजमेरी तेल दिलं, अर्ध्यांना २ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल, म्हणजे टकलावर लावायचं औषध. तीन महिन्यांनी दोन्हीकडे काही फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस थोडे वाढलेले, आणि साधारण सारखेच. रील बनवणाऱ्यांनी "मिनॉक्सिडिलच्या बरोबरीचं" एवढंच उचललं. मिनॉक्सिडिल २ टक्केवालं होतं हे नाही सांगितलं, पुरुषांना आता बहुतेक ५ टक्क्यांचं देतात. नुसतं साधं तेल लावलेला तिसरा गटही त्यात नव्हता, मग फरक रोजमेरीनं पडला की रोज चोळल्यानं की आपोआप, कसं कळणार? आणि ते सगळे पुरुष होते, आनुवंशिक टकलाचे. तुझ्या वयाच्या मुलीचे केस बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं गळतात. मी काही रोजमेरीला वाईट म्हणत नाही, बाकीच्या बऱ्याच तेलांपेक्षा तिच्याकडे निदान एक अभ्यास तरी आहे. पण "१५ दिवसांत फरक" म्हणणारा सरळ थापा मारतोय. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, १५ दिवसांत दिसणार काय आणि किती.

तू आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी-१२ तपासून घे, पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांग. डबा सोडून ऑफिसच्या कँटीनमध्ये सामोसा-चहावर दिवस काढणाऱ्या मुली मी खूप बघितल्यात, तेलाची बाटली मात्र महागातली.

मॅडम, थंडी लागली की डोक्यात कोंडा सुरू. आई म्हणते डोकं कोरडं पडलं, म्हणून दर रविवारी लिंबू पिळलेलं खोबरेल चोपडते. दोन दिवस बरं वाटते, मग डबल. काळा शर्ट घालायची सोय नाही राहिली. — प्रतापनगर, वय २८

दोन दिवस बरं का वाटतं सांगू? तेलानं पापुद्रे डोक्याला चिकटून बसतात, उडत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. गेले कुठंच नाहीत.

कोंडा म्हणजे कोरडेपणा ही आपल्या सगळ्यांच्या घरातली समजूत आहे, पण बहुतेक कोंडा हा तेलकटपणाचा असतो. टाळूवर मालासेझिया नावाची एक बुरशी असते, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच, आणि ती जगते तेलावर. लॅबमध्ये ही बुरशी वाढवायची असेल तर प्लेटवर ऑलिव्ह ऑइलचा थर देतात, नाहीतर ती नीट उगवतच नाही! ती टाळूवरचं तेल फोडते, त्यातून निघणारी आम्लं काही लोकांच्या टाळूला चावतात, मग खाज आणि मग पापुद्रे. म्हणजे आई बिचारी प्रेमानं दर रविवारी तिलाच जेवू घालून राहिली. लिंबानं वरून चरचर होते ती वेगळीच.

मेडिकलमध्ये २ टक्के केटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू मिळतो, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. लावून लगेच धुवायचा नाही, पाच मिनिटं ठेवायचा, नव्वद टक्के लोक इथंच चुकतात, फेस झाला की बादली ओतून मोकळे. नंतर पंधरवड्यातून एकदा चालू ठेवा कारण कोंडा कायमचा जात नसतो, ताब्यात राहतो. झाडापासूनचंच काही हवं असेल तर टी ट्री ऑइल आहे, ५ टक्के टी ट्रीच्या शाम्पूचा ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापून आला, चार आठवड्यांत ४१ टक्के सुधारणा, साध्या शाम्पूत ११. केटोकोनॅझोलपेक्षा सौम्य काम आहे पण काम आहे. आईला सांगा, चंपी करायचीच असेल तर मानेची आणि खांद्याची कर. पापुद्रे जाड, चंदेरी असतील आणि कपाळावर, कानामागे उतरत असतील तर तो कोंडा नसूही शकतो, सोरायसिससाठी दाखवून घ्या.

मनीष नगरच्या पुढे फ्लॅट घेतला, बिल्डिंगला बोअरचं पाणी. सहा महिन्यांत केस झाडूसारखे झाले. खोबरेल लावू की बदाम? आणि जमणारं खोबरेलच असली असते का? — एक काकू

काकू, तुमचे केस नक्की तुटणारे असतील, बघा तो ठिपका नसणार. बोअरचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं, शाम्पूला फेस येत नाही म्हणून आपण डबल शाम्पू घेतो, त्यानं अजून राठ. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी येत असेल तर शेवटचे दोन तांबे तरी त्याचे घ्या.

इथं मात्र मी बिनधास्त खोबरेल म्हणते. २००३ मध्ये मुंबईत एक अभ्यास झाला, खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं) तिन्ही केसांवर लावून बघितली. धुताना-विंचरताना केसातलं प्रोटीन निघून जातं ते फक्त खोबरेलानं कमी झालं, बाकी दोघांनी नाही. (अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच लॅबचा होता हेही सांगून ठेवते, पण नंतर इतरांनीही खोबरेल केसात शिरतं हे बघितलंय.) कारण खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ, ते केसाच्या आत शिरू शकतं. एकदा आत तेल असलं की धुताना केस पाणी पिऊन जास्त फुगत नाही, आणि हे रोजचं फुगणं-आकसणंच केसाला फोडतं. म्हणून तेल धुवायच्या आधी लावायचं, तासभर आधी पुरे, रात्रभर उशीचे अभ्रे खराब करायची गरज नाही. आणि लावायचं कुठं तर कानाच्या खाली, लांबीला आणि टोकांना, जुना आणि झिजलेला भाग तोच असतो. बदामाचं म्हणून जे मिळतं त्याच्या मागचं लेबल वाचा, पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन निघालं तर ते मिनरल ऑइल आहे. केस चमकवतं, गुंता सोडवतं, पण बदामाचे पैसे त्याला देऊ नका.

जमण्याचं म्हणाल तर खोबरेल २४ डिग्रीच्या आसपास गोठतं, म्हणून डिसेंबरात आपल्याकडे बाटलीतून निघत नाही आणि मेमध्ये पाण्यासारखं. पण पाम कर्नेल तेलही तसंच गोठतं, त्यामुळे जमलं म्हणजे असली हे काही खरं नाही.

इतवारीतून घाणीचं एरंडेल आणि जवसाचं तेल आणलं, दोन्ही मिक्स करून लावू का? एरंडेलानं केस दाट होतात म्हणतात. — नंदनवन

एरंडेलानं केस दाट *दिसतात*. ते इतकं घट्ट असतं की प्रत्येक केसावर थर बसतो. केस उगवतात याचा चांगला पुरावा नाही. उलट जास्त लावून लांब केस घसाघसा धुतले तर पूर्ण जट होऊ शकते. २०१७ मध्ये भारतातल्याच डॉक्टरांनी अशी एक घटना छापलीय, २० वर्षांच्या मुलीनं एरंडेल आणि खोबरेल लावून केस धुतले आणि सगळ्यांचा एक गोळा झाला, शेवटी कापावा लागला. लावायचंच तर तीन भाग खोबरेलात एक भाग, तेही टोकांना.

जवसाचं मात्र डोक्याला नको. आपल्या विदर्भाचं लाडकं तेल आहे, चटणीवर घ्या, भाकरीवर घ्या. पण हे सुकणारं तेल, हवा लागली की घट्ट होऊन चिकट पापुद्रा धरतं, म्हणूनच तर पेंटमध्ये आणि बॅटला वापरतात. डोक्यात दोन दिवस राहिलं की काय होईल सांगायला नको. तीळ चालेल, गडचिरोलीकडचं टोळीचं म्हणजे मोहाच्या बियांचं मिळालं तर टाचांना आणि केसांच्या टोकांना छान.

आणि हो, खोबरेलाच्या बाटलीवर बरेचदा कुठंच "केसांचं तेल" असं लिहिलेलं का नसतं हे कधी बघितलंय? २०२५ पर्यंत खायचं तेल म्हटलं की टॅक्स कमी होता, केसांचं म्हटलं की जास्त, त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लहान पॅकिंगमधलं खोबरेलही खायचंच तेल धरायचं, बाटलीवर केसांचं म्हणून लिहिलेलं नसेल तर.

ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, आता नोव्हेंबरात मूठ-मूठ केस जाऊन राहिले. शेगावकडे झालं होतं तसं तर नाही ना? — हुडकेश्वर

नाही. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, यांच्यानंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तुमचा हिशोब अगदी बरोबर बसतो. सहाएक महिन्यांत आपोआप थांबतं, पोट भरून डाळ, अंडी, हरभरे खा. याच काळात जे तेल लावाल त्याला श्रेय मिळेल, कंपन्या त्यावरच जगतात.

शेगाव तालुक्यातलं प्रकरण वेगळं होतं, डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये काही गावांत लोकांचे केस थोड्याच दिवसांत हातात यायला लागले. आधी पाण्यावर संशय, बुरशीवर संशय, आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) टीम येऊन गेली, पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तसं गावभर एकदम होतं, तुमच्या एकट्याचं नाही होत.

शेताच्या धुऱ्यावर माका भरपूर आहे. मी खोबरेलात उकळून तेल करते पण महिन्याभरात वास येते आणि बुरा चढते. कुठं चुकते? — उमरेडहून एक ताई

पाणी राहतंय ताई, बाकी काही नाही. ओला पाला टाकून दहा मिनिटांत गॅस बंद केला की पाणी तसंच खाली राहतं आणि बुरा धरतो. जुनं आयुर्वेदाचं माप आहे, एक भाग वाटलेला गोळा, चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा, आणि मंद आचेवर सगळं पाणी उडेपर्यंत. लोखंडाची नाहीतर जाड बुडाची कढई घ्या, अर्ध्याच्या वर भरू नका, उतू येतं. आधी खूप तडतड होते, मग हळूहळू कमी. मग चमच्यानं तळातला चोथा थोडा काढा, निवला की दोन बोटांत वळून बघा, वात वळली गेली पाहिजे, हाताला चिकटायला नको. ती वात ज्योतीवर धरा. चटचट आवाज आला तर पाणी आहे अजून. न आवाज करता जळली तर झालं. आणि तेल झालं की वर फेस येतो, तुपाचं उलटं, तूप झालं की फेस बसतो. तिथंच गॅस बंद, त्यापुढं गेलं की चोथा जळतो आणि तेल करपतं. कोरड्या फडक्यातून गाळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. ओला चमचा घालायचा नाही, घरच्यांना बजावून ठेवा.

गुण किती, तर माक्यानं उंदरांचे केस वाढल्याचे अभ्यास आहेत, माणसांवरचे चांगले अभ्यास नाहीत. पण वास छान, खोबरेल तर आत आहेच, आणि चोळायला निवांत बसता ना, करा खुशाल.

मिसेसच्या डोक्यात रुपयाएवढी चाई पडली. शेजारचे म्हणतात बिबा घासा, आठ दिवसांत केस येतात. — काटोल

बिबा अजिबात नको दादा, हात जोडते. त्याच्या काळ्या रसानं कपड्यांवर खुणा करायचे ते धुऊनही जात नव्हत्या, तो रस कातडीला लागला की फोड येतात, जखम होते, आणि तिथं डाग पडला तर केस कायमचेच जातात. चाई म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते. छोटा चट्टा पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतो, म्हणून शेजारच्यांचा प्रत्येक उपाय लागू पडलेला असतो.

तेलांमध्ये एक अभ्यास इथं खरंच बरा आहे, स्कॉटलंडचा, १९९८. थाइम, रोजमेरी, लॅव्हेंडर आणि सिडरवुड ही चार तेलं जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात मिसळून ८६ लोकांपैकी साधारण निम्म्यांना रोज रात्री चोळायला सांगितली. सात महिन्यांनी ४४ टक्के लोकांना फरक, नुसतं साधं तेल लावणाऱ्यांत १५ टक्के. कांद्याच्या रसाचाही २००२ चा एक छोटा अभ्यास आहे, ३८ लोकांचा, चाईवरच. बाजारातलं "अनियन हेअर ऑइल" त्याच्या जोरावर चालतं, पण त्यात लोकांनी ताजा कच्चा रस दिवसातून दोनदा लावला होता, वासाची कल्पना करा! तुम्ही मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, चट्ट्यात इंजेक्शन देतात, लवकर भरतं. आणि लहान मुलाच्या डोक्यात खवले असलेला चट्टा असेल तर ते गजकर्ण असू शकतं, त्याला पोटातून गोळ्या लागतात, तेलानं पसरेल.

वय २९, पुढून टक्कल सुरू, फेब्रुवारीत लग्न. फास्टमधलं तेल सांगा. — धरमपेठ

नाही असं तेल. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा कोरियात २०१४ चा अभ्यास आहे, पण ते कॅप्सूलमधून पोटात घेतलेलं, २४ आठवडे, आणि कॅप्सूलमध्ये बाकीही बरंच काही होतं. डॉक्टरांना विचारून मिनॉक्सिडिल सुरू करायचं असेल तर आता नको, पहिले काही आठवडे उलट जास्त गळतात, नेमके हळदीच्या दिवशी घाबरशील. लग्न होऊ दे, मग सुरू कर, आणि सुरू केलं की सोडायचं नाही हे आधीच ठरव. सध्या चांगल्या न्हाव्याकडून बारीक कट मार.

मुलगी तिसरीत, शाळेतून उवा आणते. सासूबाई रॉकेल लावू म्हणतात, मी कडुनिंबाचं तेल आणलं. — महाल

रॉकेल नाही, टाळू भाजते आणि घरात गॅस पेटलेला असतो. कडुनिंबाचं तेल डोक्याला पातळ करून चालेल पण घरात तान्हं बाळ असेल तर बाटली वर कुलपात ठेवा, ते पोटात गेलं तर बाळांना झटके येऊन जिवावर बेतलेलं आहे. सोपा मार्ग सांगते: मेडिकलमधून उवा मारणारं १ टक्का परमेथ्रिन लोशन, ओल्या केसांना दहा मिनिटं, मग धुणं. नंतर केसांत भरपूर खोबरेल घाला, उवांना पळता येत नाही आणि फणी सटासट फिरते. पांढऱ्या कपड्यावर, कानामागून मानेपर्यंत, एकेक बट घेऊन. लिखा लोशननं सगळ्या मरत नाहीत, त्या फुटून नव्या उवा येतात म्हणून सात ते दहा दिवसांनी सगळं परत एकदा, आणि त्याच दिवशी तुम्ही, सासूबाई, मुलीच्या शेजारी झोपणारे सगळे फणीखाली बसा.